तापीच्या खोऱ्यातलं एक मोडलेलं चित्र

नंदलाल बोस यांचं सर्वांत मोठं निसर्गचित्र कुठल्याही संग्रहालयात सापडणार नाही. ते १९३६च्या डिसेंबरात फैजपूरच्या काळ्या जमिनीवर उभं राहिलं. खेड्यापाड्यांतून लोटलेल्या माणसांनी ते आतून-बाहेरून हिंडून पाहिलं. अधिवेशन आटोपल्यावर बांबू सुटे झाले, छपरं उतरली, जमीन मोकळी झाली. काँग्रेसच्या इतिहासात त्या जागेचं नाव टिळकनगर. २७ आणि २८ डिसेंबरला तिथे काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, आणि खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलंच अधिवेशन. राजकारणाच्या अंगाने त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला ते चित्र म्हणून पाहायचं आहे.

मांडवाला निसर्गचित्र म्हणणं काहींना ओढूनताणून वाटेल. नंदलाल बंगालचे, त्यांचा खान्देशाशी संबंध काय, असंही कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो फैजपूरच्या सत्तावीस वर्षं आधीचा आहे. हा माणूस निसर्ग पाहायला जिथे जिथे शिकला त्यांतली एक शाळा इथून सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटरवर आहे. तिचं नाव अजिंठा.

आधी थोडं मागे जाऊ. नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या हवेली खडगपूरचा. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत. गावातले कुंभार, मूर्ती घडवणारे, खेळणी करणारे यांच्याभोवती घुटमळत हे पोर वाढलं. पुढे कलकत्त्याला शिक्षणासाठी गेलं. घरच्यांनी वाणिज्य शाखेत घातलं, तिथे मन रमलं नाही, आणि १९०५मध्ये ते सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली दाखल झालं. त्या काळातल्या किती चित्रकारांच्या चरित्रात हा प्रसंग येतो! त्यामुळे त्याच्यावर जास्त थांबत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच की मातीचं काम या माणसाने रंगाच्या आधी पाहिलं होतं.

अवनींद्रनाथांकडे त्यांना मिळालं ते धुवून धुवून मऊ केलेल्या जलरंगाचं तंत्र. जपानी चित्रकारांच्या सहवासातून आलेलं. कागद पाण्यात भिजवायचा, रंग लावायचा, पुन्हा धुवायचा, म्हणजे कडा विरघळतात आणि सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. या पद्धतीत देवदेवता आणि पुराणकथा शोभून दिसल्या. नंदलालांच्या ‘सती’ या सुरुवातीच्या चित्राचं कौतुकही झालं, पाचशे रुपयांचं बक्षीस मिळालं, त्या पैशांतून त्यांनी देश पाहिला. पण धुक्यात एक अडचण असते. त्यात जमीन दिसत नाही. झाडाचा बुंधा मातीतून कसा वर येतो, बैलाचा खांदा जुवाखाली कसा दबतो, हे धुक्यात सांगता येत नाही. त्याला रेषा लागते.

ती रेषा त्यांना वाघूरच्या काठी भेटली. १९०९-१०च्या हिवाळ्यात लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होत्या. भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून कलकत्त्याचे काही तरुण त्यांच्या मदतीला गेले. त्यांत नंदलाल होते, असितकुमार हालदार होते. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात असला तरी डोंगर उतरलं की खान्देशच. सत्तावीस वर्षांचा हा चित्रकार त्या अंधाऱ्या लेण्यांत भिंतीला डोळा लावून बसला.

अजिंठ्याच्या प्रती काढणारे ते काही पहिले नव्हेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून तेरा वर्षं हेच काम केलं होतं, आणि त्यांच्या पुष्कळशा प्रती पुढे लंडनच्या आगीत जळाल्या. मुंबईकरांनी अजिंठा मन लावून उतरवला, पण शाळेत परतल्यावर प्लॅस्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास चालूच राहिला. नंदलालांच्या बाबतीत भिंतीवरचं हातात उतरलं. हा फरक गुणवत्तेचा होता असं मी म्हणणार नाही. ते ज्या वेळी तिथे पोचले ती वेळ स्वदेशीची होती, आणि आपल्याकडचं काही शिकण्यासारखं आहे हे त्यांना आधीच पटलेलं होतं.

निसर्गाच्या बाबतीत अजिंठा काय शिकवतो ते पाहायचं तर पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या मागे पाहावं. आपण सगळे त्याच्या झुकलेल्या पापण्यांकडे आणि हातातल्या कमळाकडे पाहतो. त्याच्या मागे दाट झाडी आहे, मोर आहेत, माकडं आहेत, एकावर एक रचल्यासारखे खडकांचे ठोकळे आहेत. त्यांतलं काहीही लांब गेलेलं नाही. क्षितिज नाही, फिकट होत गेलेले डोंगर नाहीत. मानेचा बाक ज्या रेषेने काढला तिच्याच जातीच्या रेषेने फांदी काढली आहे. अजिंठ्यात रिकामं निसर्गदृश्य जवळपास नाहीच. तिथली झाडं माणसांच्या गर्दीत उभी आहेत आणि माणसं झाडांच्या. रंगही बहुतेक मातीतलेच. गेरू, पिवळी माती, काजळी, चुन्याचा पांढरा. बाहेरून आलेला एक निळा सोडला तर चित्रकाराने फार लांब हात पसरलेला नाही. माझ्या मते फैजपूरची सगळी बीजं इथे आहेत. जवळचं साहित्य घ्यायचं, आणि माणसाला निसर्गासमोर प्रेक्षक म्हणून उभं न करता त्याच्या आत ठेवायचं.

जपानी कलाविचारक ओकाकुरा यांनी कलेच्या तीन आधारांबद्दल नंदलालांना सांगितलं होतं. निसर्ग, परंपरा आणि स्वतःचं असं काही. हे तीन शब्द नंदलाल आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत राहिले. परंपरा अजिंठ्याने दिली होती. निसर्ग मिळाला शांतिनिकेतनात. १९२२मध्ये ते तिथल्या कलाभवनाचे प्रमुख झाले. आजूबाजूला लाल, पावसाने चिरत गेलेली खोआईची उघडी जमीन, ताडाची झाडं, संथाळांची वस्ती. १९२४मध्ये रवींद्रनाथांबरोबर ते चीन-जपानला जाऊन आले आणि शाईच्या दोन-चार फटकाऱ्यांत डोंगर बसवणाऱ्या चित्रकारांचं काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. त्यानंतरची त्यांची निसर्गचित्रं आकाराने लहान होत गेली. पुष्कळशी तर पोस्टकार्डावर आहेत. प्रवासातून विद्यार्थ्यांना, स्नेह्यांना पाठवलेली. एक झाड, एक बकरी, नदीच्या वळणावरची होडी. पोस्टकार्डावर जागाच एवढीशी की अनावश्यक काही मावत नाही, आणि मजकुरासाठीही कोपरा राखावा लागतो.

शिकवण्याची त्यांची रीतही याला धरून होती. मुलांना बाहेर पाठवायचं, झाड नीट पाहून यायला सांगायचं, आणि परत आल्यावर आठवणीतून काढून घ्यायचं. पाहताना काय सुटलं ते कागदावर आपोआप उघड होतं. कोल्हापूरचे विनायक मसोजी याच कलाभवनात शिकले आणि पुढे तिथे शिकवूही लागले. शांतिनिकेतन गाठणारं हे मराठी नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही.

१९३०मध्ये शांतिनिकेतनजवळच्या श्रीनिकेतनच्या भिंतीवर नंदलालांनी ‘हलकर्षण’ रंगवलं. नांगरणीचा उत्सव, बैल, माणसं. त्याच वर्षी दांडीयात्रेवरचं त्यांचं ते लिनोवरचं छापचित्र आलं, काठी टेकत निघालेले गांधी, काळ्यावर पांढऱ्या मोजक्या रेषा. ते आपण पाठ्यपुस्तकांपासून पाहत आलो आहोत. आणि १९३५मध्ये रवींद्रनाथांसाठी ‘श्यामली’ हे मातीचं घर बांधलं गेलं, त्याच्या भिंतींवर नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मातीतच उठावाची चित्रं घडवली. रचना सुरेंद्रनाथ कर यांची. चित्र कागदावरून भिंतीवर आलं, भिंतीवरून भिंतीच्या मातीतच उतरलं. आता एकच पायरी उरली होती, भिंतच नसलेलं चित्र.

ती संधी गांधींनी दिली. १९३६च्या एप्रिलमध्ये लखनौच्या अधिवेशनात नंदलालांनी भारतीय कलेचं प्रदर्शन मांडलं होतं. पुढचं अधिवेशन खेड्यात घ्यायचं ठरल्यावर गांधींनी त्यांना वर्ध्याकडे बोलावून आपल्या मनात काय आहे ते समजावलं. आपण चित्रकार, बांधकामातलं आपल्याला काय कळतं, असा संकोच नंदलालांनी बोलून दाखवला. तो गांधींनी मनावर घेतला नाही. स्वागत समितीचे अध्यक्ष शंकरराव देव. स्थानिक कामाचा भार धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांवर. साने गुरुजी गावोगाव फिरून खान्देश जागा करत होते. २५ डिसेंबरला प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधींनी श्रेय दोघांना दिलं. मांडणीचं वास्तुविशारद म्हात्रे यांना, कलात्मक कल्पनेचं नंदलालांना. कलेची जाण देवाने आपल्याला दिली पण ती साकारणारे अवयव दिले नाहीत, नंदबाबूंना मात्र दोन्ही दिलं, अशा आशयाचं ते बोलले. डोळे दिपवणारं काही इथे पाहायला मिळणार नाही, हेही त्यांनी लोकांना सांगून टाकलं. प्रदर्शन त्यांना तमाशासाठी नको होतं, खेड्यातल्या माणसाला त्यातून चार गोष्टी शिकता याव्यात म्हणून हवं होतं.

आता चित्राकडे. आपल्या हाती आहेत ती काही कृष्णधवल छायाचित्रं आणि आलेल्यांची वर्णनं. साहित्य बांबू, गवत, खादी, गावातल्या रोजच्या वस्तू. रंग छायाचित्रात नाही, पण तो साहित्यावरून वाचता येतो. नवा बांबू हिरवट असतो, उन्हात पिवळा पडत जातो. वाळल्या गवताचा रंग दर तासाच्या उन्हाबरोबर बदलतो. हातसुताची खादी कधीच पांढरीफेक नसते, तिच्यात कापसाचा मळकट पिवळेपणा राहतो. या सगळ्याखाली काळी कपाशीची जमीन. ज्याने डिसेंबरात यावल-रावेरचा पट्टा पाहिला आहे त्याला हे रंग ओळखीचे वाटतील. सकाळी धारदार थंडी, दहानंतर स्वच्छ ऊन, कपाशीची वेचणी, दादर उभी, आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर पट्टी. टिळकनगरात वापरलेला एकही रंग या मुलखाला परका नव्हता. बाहेरून रंगाचा डबा आणून फासला असता तर ते नगर शेतात उपरं दिसलं असतं.

दुसरी गोष्ट उंचीची. बांबू आणि गवताचं काम फार वर चढत नाही, आडवं पसरतं. सपाट शेत, आडवी छपरं, मागे आडवा डोंगर. पोस्टकार्डावरच्या त्यांच्या चित्रांतही आडव्या रेषेवर असाच भर असतो, आणि मग एखादा ताड किंवा नावेची काठी उभी येते नि सगळं तोलते. फैजपूरला ती उभी रेषा होती ध्वजस्तंभाची. झेंडा वर जाताना मध्येच अडकला आणि शिरपूरचे किसनसिंग राजपूत खांबावर चढून तो सोडवून आले, ही आठवण खान्देशात अजून सांगतात. देशभक्तीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मला त्यात चित्रही दिसतं. आडव्या मुलखात एकच उभी रेघ, आणि तिच्या टोकाशी माणूस. नंदलालांनी हे काही योजलं नव्हतं. पण चांगल्या रचनेत अपघातही जागा शोधून बसतात.

तिसरी गोष्ट मिरवणुकीची. अध्यक्षांना नेलं ते नंदलालांनी सजवलेल्या रथातून, त्याला बैलांच्या सहा जोड्या. सहा जोड्या म्हणजे किती हे पोळा पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. डोळ्यात भरेल एवढं, पण आवाक्यातलं. एखाद्या मोठ्या गावात मनावर घेतलं तर जमेल असं. पुढे दोन वर्षांत हा आकडा कसा फुगला ते पाहा. १९३८ला हरिपुऱ्याच्या अधिवेशनात सुभाषबाबूंच्या रथाला एकावन्न बैल होते, १९३९ला त्रिपुरीत बावन्न हत्ती. हत्ती आल्यावर डोळे दिपतात, आणि डोळे दिपवणं नको हेच तर फैजपूरला ठरलं होतं. म्हणून या तिन्हींत मला फैजपूरचा रथ उजवा वाटतो. त्यात शेतातला बैल शेतातलाच राहिला.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. निसर्गचित्राच्या परंपरेत शेतकरी नेहमी लांब उभा असतो. वाकलेली पाठ, डोक्यावर मुंडासं, चेहरा नाही. शेत सुंदर दिसावं म्हणून त्याचं कर्ज चौकटीबाहेर ठेवलेलं असतं. इंग्रजी जलरंगातली टुमदार खेडी पाहा किंवा आपल्या दिवाणखान्यांतल्या गावच्या वाटा, हा नियम फारसा मोडत नाही. फैजपूरला शेतकरी चित्रातच शिरला आणि बोलायला लागला. काँग्रेसने इथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. सारा, खंड, सावकाराचं देणं यांची चर्चा त्याच बांबूच्या छपराखाली झाली. किसान सभेचं अधिवेशनही एन. जी. रंगांच्या अध्यक्षतेखाली फैजपूरलाच भरलं. नेहरूंचं अध्यक्षीय भाषण समाजवादाचं होतं, गांधींचा भर चरख्यावर आणि ग्रामोद्योगांवर होता, मानवेंद्रनाथ रॉय तुरुंगातून सुटून नुकतेच आलेले. या तिघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं, आणि हा वाद एका चित्राच्या पोटात चालला होता. खेड्याला गोंडस करून दाखवणारी सजावट असती तर ती या भांडणापुढे हास्यास्पद झाली असती. ती तशी झाली नाही, कारण बांबू नि गवत तिथे सजावट म्हणून आलेलं नव्हतं. ऐकायला आलेला माणूस घरी अशाच छपराखाली राहत होता.

तक्रार करायची तर एकच आहे. इतिहासात दोन नावं राहिली, बोस आणि म्हात्रे. बांबू तासणारे, बांधणारे, छपरं शाकारणारे कोण होते याची नोंद कुणी ठेवली नाही. गांधींच्या मनातलं गावकारागिराचं अधिवेशन आणि त्या कारागिराचंच नाव नाही, हे मला खटकतं. पण हा दोष एकट्या फैजपूरचा नाही. वेरूळ-अजिंठा खोदणाऱ्यांचीही बहुतेक नावं आपल्याला कुठे ठाऊक आहेत?

फैजपूरनंतर चौदा महिन्यांनी हरिपुरा. तिथलं नाव विठ्ठलनगर, जागा सुरत जिल्ह्यातली, आणि काठ पुन्हा तापीचाच. नकाशा उघडला की मजा दिसते. अजिंठ्याच्या कड्याखालून निघालेली वाघूर जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, तापी फैजपूरच्या दक्षिणेकडून पश्चिमेला जाते आणि पुढे हरिपुऱ्यापाशी पोचते. नंदलालांच्या घडणीतले तीन मुक्काम एकाच पाण्याच्या वाटेवर आहेत. यात गूढ काही नाही, गांधींची खेडी आणि अजिंठ्याचा डोंगर योगायोगाने एका खोऱ्यात आले. पण खान्देशी वाचकाने हा योगायोग आपल्या खात्यावर मांडून ठेवायला हरकत नाही.

हरिपुऱ्यासाठी त्यांनी ऐंशीच्या वर चित्रं रंगवली. हातकागदावर मातीचे रंग, जाड कुंचला, कमानीच्या आकाराच्या चौकटी. बैलाला आवरणारा, ढोल वाजवणारा, शिंपी, शिकारी, कापूस पिंजणारा. रेषा भराभर ओढलेली, दुरुस्त न केलेली. विद्यार्थ्यांनी त्यांच्या नकला करून संख्या कितीतरी वाढवली आणि ती नगरभर लावली. त्यांतली मूळ चित्रं आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. त्यांच्यावर पुस्तकं निघाली, प्रदर्शनं भरली, आणि नंदलालांचं नाव काढलं की दांडीयात्रा आणि हरिपुरा ही दोनच नावं पुढे येतात. साहजिक आहे. कागद घडी करून नेता येतो, गाव नेता येत नाही. पण हरिपुऱ्याच्या चित्रांतली बैलाची पाठ किंवा पिंजाऱ्याचा वाकलेला खांदा पाहताना मला राहून राहून वाटतं की हा हात फैजपूरला मोकळा झाला होता. तिथे महिनोन्‌महिने पूर्ण मापाच्या वस्तूंशी खेळल्यावर कागदावरची भीड गेली. हरिपुऱ्याची चित्रं सुरेखच आहेत. तरी ती खेड्याची चित्रं आहेत. फैजपूर हे चित्र झालेलं खेडं होतं, आणि दोहोंत धाडसाचं काम फैजपूरचं.

पुढे नंदलालांनी बडोद्याच्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवल्या, राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पानं विद्यार्थ्यांसह सजवली, १९५४मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १६ एप्रिल १९६६ला ते गेले. घटनेच्या पानांवर बैल आहे, हिमालय आहे, वाळवंट आहे, समुद्र आहे. पाहताना फैजपूरची आठवण ठेवावी.

फैजपूरला धनाजी नानांच्या नावाचं महाविद्यालय १९६१पासून आहे. जवळच खिरोद्याला सप्तपुट ललित कला भवन आहे, तिथे खान्देशातली मुलं चित्रकला शिकतात. टिळकनगराची लहान मापाची प्रतिकृती बांबूतच करणं या मुलांना अवघड नाही. छायाचित्रं, वर्तमानपत्रातली वर्णनं आणि जुन्या माणसांनी घरात सांगितलेल्या गोष्टी एकत्र आणायला मात्र कुणीतरी बसलं पाहिजे. यावल, रावेर, सावदा, भुसावळकडच्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत त्या अधिवेशनाचा एखादा फोटो, स्वयंसेवकाचा बिल्ला, प्रदर्शनाचं पत्रक पडलेलं असेल. ते कुणी विकत मागायच्या आत किंवा वाळवी लागायच्या आत त्याची प्रत काढून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी. मागे नाव लिहावं, गाव लिहावं, आणि आजोबा त्या कामावर होते असं घरात कुणी सांगत असेल तर तेही लिहावं.